कशापासून संरक्षण?

गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन ताईकडे गेलो होतो. चहा यायच्या आधीच तिने कपाटातून एक बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. तपकिरी काचेची, अंगठ्याएवढी, वर रबरी फुग्याचा ड्रॉपर. भाचीने पुण्याहून आणून दिलेलं क जीवनसत्त्वाचं सीरम. "तू एवढं वाचत असतोस, तर मला सांग, हे मी लावू का?" ताईने विचारलं.

ताईला अकरा वर्षांपासून कोड आहे. दोन्ही हातांवर आणि ओठांच्या कडेला. तिच्या गावापासून नॅरोबँड किरणांचं यंत्र असलेला दवाखाना पन्नास किलोमीटरवर. आठवड्यातून दोन-तीनदा तिथे जाणं तिला जमत नाही. म्हणून डॉक्टरांनी जुनी पद्धत दिली आहे: सोरालेनची गोळी घ्यायची, दोन तासांनी डाग उघडे ठेवून उन्हात बसायचं, तेही मिनिटं मोजून. त्याआधी, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी, कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने बावचीचं तेल लावून ऊन घेतलं होतं आणि दोन्ही मनगटांवर लिंबाएवढे फोड आले होते. ती भीती अजून गेलेली नाही. सीरमच्या खोक्यावर लिहिलेलं होतं की यातले अँटिऑक्सिडंट उन्हाच्या दुष्परिणामांपासून त्वचेचं संरक्षण करतात. ताईचा प्रश्न त्या वाक्यातून आला होता. तिला पुन्हा भाजून घ्यायचं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा पदवीधरही नाही. मिरजेत वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. शाळा सुटली की मी डार्करूममध्ये. प्रकाश आणि रसायनं यांच्याविषयी मला जे पहिल्यांदा कळलं ते तांबड्या दिव्याखाली, ट्रेमध्ये ब्रोमाइड कागद हलवताना. पुढे स्टुडिओ बंद झाला, वाचन सुरू राहिलं. या विषयावरचे मूळ शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक परिच्छेद तीन-तीनदा वाचत समजून घेतले. त्या वाचनातून माझं एक मत बनलं आहे. खोक्यावरच्या त्या वाक्यात 'पासून' हा शब्दयोगी अव्यय सगळ्यात निष्काळजीपणे वापरलेला आहे. कशापासून संरक्षण, हे ठरवल्याशिवाय ते वाक्य खरं की खोटं हे सांगताच येत नाही. त्वचेत औषध असेल तर मुळीच नाही.

१

डार्करूममध्ये काम केलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: प्रकाश म्हणजे एकच वस्तू नव्हे. तांबड्या दिव्याखाली ब्रोमाइड कागद तासभर ठेवला तरी त्याला काही होत नाही, आणि दाराच्या फटीतून आलेल्या पांढऱ्या प्रकाशाच्या एका रेघेने तो वाया जातो. कागदावरची रसायनं तांबडा प्रकाश शोषत नाहीत, म्हणून तो त्यांच्यासाठी नसल्यासारखाच. जो प्रकाश शोषला जातो तोच काम करतो.

त्वचेतल्या औषधांचंही तसंच आहे. पोटात घेतलेलं किंवा वरून लावलेलं औषध त्वचेत पोहोचतं आणि एरवी निरुपद्रवी असतं. पण त्याच्या रेणूला हवा तो प्रकाश मिळाला की तो रेणू उत्तेजित होतो. बहुतेक औषधांच्या बाबतीत हा प्रकाश ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, म्हणजे 'यूव्हीए' नावाने ओळखला जाणारा अतिनील प्रकाश असतो. तो खिडकीच्या साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतो. त्यामुळे घरात, गाडीत बसलेल्या माणसालाही ही बाधा होऊ शकते.

याचा शोध त्वचेवर लागला नाही. म्युनिकमध्ये हेरमान फॉन टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर काय परिणाम होतो ते बघत होता. तेच द्रावण, तेच जीव, पण कधी ते लवकर मरत, कधी उशिरा. फरक प्रकाशाचा होता. नुसत्या प्रकाशात जीव जगत, अंधारातल्या रंगद्रव्यातही जगत. दोन्ही एकत्र आले की मरत. हे १९०० मध्ये प्रसिद्ध झालं. टापाइनर आणि योडलबाउर यांनी काही वर्षांतच दाखवलं की या मरण्यासाठी तिसरी गोष्टही लागते, ऑक्सिजन. या क्रियेला त्यांनी 'फोटोडायनॅमिक' असं नाव दिलं.

१९१२ च्या ऑक्टोबरात फ्रीड्रिश मायर-बेट्स या जर्मन डॉक्टरने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरीन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं आणि तो उन्हात गेला. त्याचा चेहरा आणि हात इतके सुजले की फोटोत तो ओळखू येत नाही. ही संवेदनशीलता पुढे काही महिने टिकली. औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आल्यावर माणसाच्या त्वचेत काय घडतं, याचा तो फोटो म्हणजे पुरावाच होता.

२

आता खोक्यावरच्या दुसऱ्या शब्दाकडे येतो. अँटिऑक्सिडंट हा शब्द सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत अलीकडे आला. त्याआधी तो रबर, इंधन आणि तेल-तुपाच्या धंद्यात होता. रबर चिरू नये, तेल खवट होऊ नये, यासाठी मिसळायची द्रव्यं ती अँटिऑक्सिडंट. आमच्या डार्करूममध्येही असं एक द्रव्य होतं. मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर उघडा राहिला की हवेतल्या ऑक्सिजनने चहासारखा तपकिरी होतो. तो टिकावा म्हणून त्यात सोडियम सल्फाइट घालत. ताईची बाटली तपकिरी काचेची असण्याचं आणि ते सीरम जुनं झाल्यावर पिवळं-तपकिरी पडण्याचं कारणही तेच.

पण क जीवनसत्त्व, म्हणजेच अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, यांची फोटोग्राफीतली ओळख वेगळीच आहे. ते स्वतःच डेव्हलपर म्हणून काम करतं. १९९० च्या दशकात कोडॅकने बाजारात आणलेल्या एका डेव्हलपरमध्ये त्याचंच एक समघटक रूप वापरलं आहे. ते इलेक्ट्रॉन देतं, आणि ते घेणारा समोर कोण आहे यावर परिणाम ठरतो. समोर चांदीचे क्षार असतील तर चित्र उमटतं. समोर उपद्रवी मुक्त मूलक असेल तर तो शांत होतो. समोर लोहाचे आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतील तर लोह पुन्हा कार्यक्षम होतं आणि आधीच्यापेक्षा जास्त विध्वंसक हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतो. ही लोह आणि पेरॉक्साइडची क्रिया फेंटन यांनी १८९४ मध्येच वर्णन केली होती.

म्हणजे अँटिऑक्सिडंट हा त्या रेणूचा स्वभाव नव्हे. एका विशिष्ट प्रसंगातली ती त्याची भूमिका. हे विसरल्याची किंमत एकदा फार मोठी मोजली गेली आहे. बीटा कॅरोटीन हा सिंग्लेट ऑक्सिजन शांत करणारा नामांकित अँटिऑक्सिडंट. प्रकाश सहन न होण्याच्या एका आनुवंशिक पॉर्फिरिया रोगात १९७० च्या दशकापासून तो पोटातून दिला जाऊ लागला. या यशामागे नीट विचार होता, कारण त्या रोगात त्वचेत साठलेलं पॉर्फिरीन प्रकाशात सिंग्लेट ऑक्सिजन तयार करतं. पण तोच बीटा कॅरोटीन फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत कर्करोग टळेल या आशेने दिला, तेव्हा तो घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. हा निष्कर्ष १९९४ चा. रेणू तोच होता. प्रसंग बदलला होता.

३

आता मुख्य मुद्दा. त्वचेत औषधाचा रेणू प्रकाशाने उत्तेजित झाल्यावर त्याच्यासमोर ढोबळमानाने तीन वाटा असतात. पहिली, शेजारच्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवघेव करून मुक्त मूलक तयार करणं. दुसरी, आपली ऊर्जा ऑक्सिजनला देऊन त्याचा सिंग्लेट ऑक्सिजन करणं. तिसरी, ऑक्सिजनला मध्ये न घेता थेट डीएनए किंवा प्रथिनाला जाऊन चिकटणं. त्वचेवर लावलेला अँटिऑक्सिडंट पहिल्या दोन वाटांवर काही अंशी उभा राहू शकतो. तिसऱ्या वाटेवर त्याला करण्यासारखं फारसं काही नसतं.

तीन औषधं समोर ठेवून हे तपासता येतं.

पहिलं डॉक्सीसायक्लिन. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने मुंबईत, कोकणात या गोळ्या घ्यायला सांगतात. मुरमांसाठी तरुण मुलं महिनोन्‌महिने घेतात. टेट्रासायक्लिन घराण्यातली औषधं यूव्हीएमध्ये सिंग्लेट ऑक्सिजन तयार करतात. इथे प्रकाशाची क्रिया हा निव्वळ उपद्रव आहे, उपचाराशी तिचा संबंध नाही. म्हणून ती क्रिया मंदावणारा अँटिऑक्सिडंट इथे तत्त्वतः योग्य बाजूला उभा आहे.

दुसरं फोटोडायनॅमिक उपचारांत वापरलं जाणारं अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. उन्हाने बिघडलेल्या, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणाऱ्या त्वचेच्या खरबरीत चट्ट्यांसाठी अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पेशी त्याचं प्रोटोपॉर्फिरीन करतात, वरून प्रकाश टाकला की सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतो आणि बिघडलेल्या पेशी मरतात. राबने पॅरामेशियममध्ये पाहिलं तेच इथे मुद्दाम घडवून आणलेलं. इथे सिंग्लेट ऑक्सिजन हेच औषध आहे. त्याला अडवणारा अँटिऑक्सिडंट त्वचेचं 'संरक्षण' करतो याचा अर्थ तो उपचाराला अडवतो. शिवाय अ‍ॅस्कॉर्बेट सिंग्लेट ऑक्सिजनशी भिडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि लोह जवळ असेल तर पुढचं वर सांगितलंच आहे. म्हणून मात्रा आणि वेळ बदलली की परिणाम उलटूही शकतो.

तिसरं सोरालेन, म्हणजे ताईची गोळी. त्याचा रेणू चपटा असतो. तो डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकून बसतो. यूव्हीएचा पहिला फोटॉन शोषला की तो एका बाजूच्या थायमीनला चिकटतो, दुसरा फोटॉन शोषला की समोरच्या बाजूलाही. शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना टाचल्या जातात. या कामात ऑक्सिजनची गरज नाही. पण सोरालेन दुसऱ्या वाटेनेही जातं: जोशी आणि हार्वर्डचे मधुकर पाठक यांनी १९८३ मध्ये दाखवलं की सोरालेनं प्रकाशात सिंग्लेट ऑक्सिजन आणि सुपरऑक्साइडही तयार करतात. हे तेच पाठक, ज्यांचं नाव सोरायसिसवरच्या सोरालेन-यूव्हीए उपचाराची ओळख जगाला करून देणाऱ्या १९७४ च्या निबंधावर पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि टॅनेनबॉम यांच्यासोबत आहे.

तेव्हा एकाच बाटलीतला एकच पदार्थ एका औषधाच्या बाबतीत मदत करील, दुसऱ्याच्या बाबतीत आड येईल आणि तिसऱ्याच्या बाबतीत अर्ध्या क्रियेवर परिणाम करून अर्धी तशीच सोडील. 'उन्हापासून संरक्षण' या दोन शब्दांत हे तिन्ही प्रसंग एकत्र कोंबले जातात.

आणखी दोन तऱ्हा सांगायला हव्यात. क्लोरप्रोमाझीन आणि लोमेफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांच्या रेणूतला हॅलोजन अणूच प्रकाशाने सुटून जातो आणि उरलेला तुकडा स्वतःच आक्रमक होतो. कीटोप्रोफेनच्या जेलने होणारी बाधा तर अ‍ॅलर्जीची असते; एकदा शरीराने ते ओळखलं की थोडं औषध, थोडं ऊन पुरतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये या जेलचा फेरआढावा घेतला तेव्हा ऑक्टोक्रिलीन हे सनस्क्रीनमधलं द्रव्यही त्याच्यासोबत त्रास देतं, हे पुढे आलं.

४

मग ते संरक्षणाचं वाक्य आलं कुठून? ते काही हवेतून आलेलं नाही, आणि टीका करायची तर त्यामागच्या कामाला न्याय देऊनच करायला हवी.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं डुकराच्या त्वचेवर काम केलं. ती माणसाच्या त्वचेच्या बरीच जवळची मानली जाते. क जीवनसत्त्व त्वचेत शिरायचं तर द्रावणाची आम्लता ३.५ पीएचपेक्षा खाली हवी, हे त्यांनीच दाखवलं. २००५ मध्ये त्यांनी १५ टक्के क जीवनसत्त्व, १ टक्का ई जीवनसत्त्व आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल यांचं मिश्रण तपासलं. फेरुलिक आम्लामुळे संरक्षण चौपटीवरून सुमारे आठपट झालं. २००८ मध्ये माणसांच्या त्वचेवरही या मिश्रणाचा उपयोग दिसला. आजच्या बहुतेक महागड्या सीरमची पाककृती या कामातून आली आहे.

या निबंधांतला 'पासून' मात्र अगदी काटेकोर आहे. कृत्रिम सूर्यप्रकाशाने येणाऱ्या लालीपासून, मरणाऱ्या पेशींपासून, थायमीनच्या जोड्या जुळण्यापासून. त्वचेत कुठलंही औषध नसताना. दुकानातल्या खोक्यावर येईपर्यंत या सगळ्या अटी गळून जातात आणि 'उन्हापासून' एवढाच शब्द उरतो.

औषध असलेला एक प्रयोगही याच गटाचा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९२ मध्ये डार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरून लावलेलं क जीवनसत्त्व डुकराच्या त्वचेला सोरालेन-यूव्हीएच्या भाजण्यापासूनही वाचवतं. वरवर बघता हा ताईच्या प्रश्नाचा होकार आहे. मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा खूश झालो आणि ताईला फोन करायला निघालो.

दुसऱ्यांदा वाचताना थांबलो. सोरालेन दोन वाटांनी जातं. भाजण्याचा काही भाग ऑक्सिजनच्या वाटेने येत असेल आणि क जीवनसत्त्व तो कमी करत असेल, हे समजण्यासारखं आहे. पण लाली कमी झाली म्हणून डीएनएमधले टाके कमी झाले असं आपोआप होत नाही. या उपचारात लाली हा नुसता त्रास नसतो. ती खूणही असते. डॉक्टर तीच बघून पुढच्या वेळी मिनिटं वाढवतात किंवा कमी करतात. खूण पुसली आणि खालचं काम चालू राहिलं, तर मात्रा वाढत जाईल. सोरालेनच्या मात्रेचा हिशेब हलका घेण्यासारखा नाही. अमेरिकेत १९७५ पासून या उपचाराच्या १,३८० सोरायसिस रुग्णांचा पाठपुरावा रॉबर्ट स्टर्न आणि सहकाऱ्यांनी केला. उपचारांची संख्या वाढत गेली तसं त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण वाढत गेलेलं त्यात दिसलं. ते रुग्ण बहुतांश गोरे होते, आपल्या सावळ्या त्वचेत तो धोका कमी असतो, हे खरं. पण खूण झाकून मात्रा वाढवण्याला हा काही परवाना नव्हे.

माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही नोंदवतो. थायमीनच्या जोड्या प्रकाश थेट शोषून जुळतात, त्यात ऑक्सिजन नको, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. तरीही पिनेल यांच्या मिश्रणाने त्या कमी झाल्या. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाने दाखवलं की रंगपेशींमध्ये अशा जोड्या ऊन संपल्यावरही, अंधारात, तीन तासांहून जास्त वेळ जुळत राहतात. तिथे मेलॅनिनचे तुकडे ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या मूलकांनी उत्तेजित होतात आणि ती ऊर्जा डीएनएला मिळते. म्हणजे मी वर आखलेल्या तीन वाटा दिसतात तितक्या वेगळ्या नाहीत. कुठे कुठे त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून अँटिऑक्सिडंट निरुपयोगी, असा उलटा निष्कर्ष काढणं हेही तितकंच निष्काळजीपणाचं होईल. मुद्दा एवढाच की त्याचा उपयोग औषध, प्रकाश आणि पेशी यांची नावं घेऊन सांगावा लागतो.

जागेचाही प्रश्न आहे. सिंग्लेट ऑक्सिजन पेशीत इतका क्षणभंगुर असतो की पेशीच्या रुंदीएवढंही अंतर तो जाऊ शकत नाही. जिथे जन्मतो तिथेच काम करतो. रक्तातून आलेलं औषध त्वचेच्या खालच्या थरांत, आणि सीरमचा मोठा भाग वरच्या मृत थरात, अशी स्थिती असेल तर दोघांची गाठच पडत नाही. पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व एका जागी, स्निग्धात राहणारं ई दुसऱ्या जागी, आणि सोरालेन पेशीच्या केंद्रकात.

याउलट कापड, छत्री, सावली, घड्याळ ही साधनं औषधाला कोणती वाट हवी हे विचारत नाहीत. प्रकाश पोहोचलाच नाही तर तिन्ही वाटा बंद.

५

बावचीकडे परत येतो, कारण ताईची गोष्ट तिथून सुरू झाली होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, कुष्ठाच्या अध्यायात, श्वित्रासाठी मलपूचा रस गुळासोबत घेऊन, अंगाला स्नेहन करून, रुग्णाच्या बळानुसार उन्हात बसायला सांगितलं आहे. मलपू म्हणजे उंबराच्या जातीचं झाड, आणि उंबर-अंजिराच्या कुळात सोरालेनं सापडतात. बावची तर या रोगावरची प्रसिद्ध वनस्पती. तिच्या बियांतून सोरालेन वेगळं केलं ते जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी, १९३३ मध्ये. इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यातल्या अम्मी माजुस या झुडपावर कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात काम केलं आणि आधुनिक उपचाराची सुरुवात झाली.

चरकाचा हा भाग वाचताना मला औषधापेक्षा 'बळानुसार' या अटीने थांबवलं. किती ऊन, हे रुग्णागणिक ठरवायचं आहे. ताईला बावचीचं तेल देणाऱ्याने औषध सांगितलं, अट सांगितली नाही. सीरमचं खोकंही तेच करतं. दोन हजार वर्षांच्या अंतराने हीच चूक दोनदा होताना मी आमच्याच घरात पाहिली.

उत्तर मला अखेर सापडलं ते शोधनिबंधांत नाही, त्याच खोक्यावर. संरक्षणाच्या वाक्याच्या खालच्याच ओळीत लिहिलं होतं की हे सीरम काळे डाग फिके करतं. इतके महिने मी वरची ओळ तपासत होतो, खालची वाचून सोडून दिली होती. क जीवनसत्त्व मेलॅनिन तयार होण्याच्या रसायनक्रियेत मध्येच डोपाक्विनोनला मागे ढकलतं, म्हणून रंग फिका होतो. त्यासाठीच ते विकलं जातं. ताई मात्र उन्हात बसते ती गेलेला रंग परत यावा म्हणून. डागाच्या कडेला, केसांच्या मुळांशी तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले की ती मला फोन करून सांगते. ज्या रंगासाठी ती दिवसाआड ऊन घेते, त्याच रंगाविरुद्ध काम करणारी बाटली तिच्या कपाटात होती, आणि ती भाचीने प्रेमाने आणलेली होती.

कोडाच्या बाबतीत हे अधिक लागतं. आपल्याकडे या डागांचं दुखणं त्वचेपेक्षा लोकांच्या नजरेत जास्त असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) या चित्रपटाची नायिका डॉक्टर असूनही तिला ते चुकत नाही. अशा माणसासमोर 'संरक्षण' हा शब्द ठेवताना तो तोलून ठेवला पाहिजे. ज्यांच्याकडे गमावण्यासारखं थोडंच उरलेलं असतं, ते अशा शब्दावर लवकर विश्वास टाकतात.

आपल्या आरोग्यविषयक मराठी लेखनाबद्दल माझी तक्रार इथे आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांच्या जाहिरातींत, दवाखान्यांतल्या माहितीपत्रकांत अँटिऑक्सिडंट हा शब्द एखाद्या सद्‌गुणासारखा येतो. तो खावा, लावावा, जितका मिळेल तितका बरा. गोळ्यांच्या माहितीपत्रकांत 'उन्हात जाऊ नये' असतं, पण 'अंगाला काय लावता?' हा प्रश्न मला कुठे भेटला नाही. लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: औषध कोणतं, ते कोणत्या वाटेने काम करतं, आणि ती वाट आपल्याला बंद करायची आहे की उघडी ठेवायची आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर 'पासून' लिहू नये.

ताईला मी फोनवर एवढंच सांगितलं की बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खोक्यावरच्या दोन्ही ओळी त्यांना वाचून दाखव. ती गेली. डॉक्टरांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं, डागांवर आणि त्यांच्या आसपास हे लावू नका म्हणाले, आणि उन्हाची मिनिटं मोजायला मोबाइलवर गजर लावायला सांगितलं. त्यांनी आणखी एक विचारलं, जे आधी कुणी विचारलं नव्हतं: अजून काय काय लावता? ताईने यादी सांगितली. हळद, खोबरेल, बाजारातलं एक क्रीम. त्यातल्या दोन गोष्टी त्यांनी बंद केल्या.

सीरम आता भाची स्वतः वापरते. या दिवाळीला ताईकडे गेलो की तिच्या डाव्या मनगटावरचे ठिपके मोजायचे आहेत. मागच्या फोनला ती सात म्हणाली होती.